ओळखीचं कोणी आहे का?

भारतातून आलेले पाहुणे आठवडाभर न्यू जर्सीत राहिले, ओक ट्री रोडवरची जिलबी खाऊन झाली, न्यूयॉर्कला जाऊन स्वातंत्र्यदेवीबरोबर फोटो काढून झाले, की निघायच्या आदल्या दिवशी जेवता जेवता एक वाक्य हमखास टाकतात. "काही म्हणा, तुमच्या इकडची पोरं सगळीच हुशार निघतात!"

आम्ही अशा वेळी विनयाने ताटाकडे बघतो. खरं कारण सांगायचं तर पाहुण्यांनी जिथे फोटो काढला तिथेच परत जावं लागेल. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्याच पुतळ्याच्या पायथ्याशी बसून इमिग्रेशनच्या नव्या कायद्यावर सही केली. देशादेशांचे जुने कोटे गेले आणि शिकल्यासवरलेल्यांसाठी दार किलकिलं झालं. त्यातून डॉक्टर आले, इंजिनिअर आले. पुढे १९९० च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा आणला. त्याला पदवी लागते, नाही तर पदवीच्या तोडीचं काहीतरी. त्यातून आमच्यासारखे कॉम्प्युटरवाले आले. थोडक्यात, अमेरिकेने आम्हाला पाखडून घेतलेलं आहे. तलाठी, कीर्तनकार, तालमीचे वस्ताद, बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारे यांना कोणी बोलावलंच नाही.

त्यामुळे झालं काय, की आमच्या मुलांनी लहानपणी जेवढे म्हणून काका आणि मावश्या पाहिल्या, त्या एक तर डॉक्टर होत्या नाही तर डेटाबेसमध्ये. वाया गेलेला काका त्यांना बघायलाच मिळाला नाही, आणि माझ्या मते ही त्यांची फार मोठी गैरसोय झाली. मिरजेत आमच्या घरी एक होता. अकराला उठायचा, आंघोळ करून सतारमेकरांच्या गल्लीत जाऊन बसायचा, जवारी कशी काढतात ते दिवसभर बघायचा आणि संध्याकाळी घरी येऊन आम्हा पोरांना गोष्टी सांगायचा. कमाई शून्य. पण रात्री पानं मांडली की त्याचंही पान असायचं. माणूस वाया गेला तरी त्याला आमटी-भात मिळतो, हे आम्हाला त्याच्याकडे बघून कळलं. आमच्या मुलांना हे कळायची सोयच नव्हती. त्यांना वाटतं, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत बी मिळाला की माणूस थेट पुलाखाली राहायला जातो.

आमच्या थोरलीची पहिली नोकरी तिला तिसरीत असताना लागली. घरातच. केबल कंपनीला फोन लावला की पलीकडून यंत्र बोलायचं आणि खातेक्रमांक म्हणून दाखवायला सांगायचं. आमच्या खात्यात तीनचा आकडा बराच होता. नवरा "थ्री" म्हणाला की यंत्र म्हणायचं, माफ करा, मला समजलं नाही. नवरा मोठ्याने "थ्री" म्हणायचा. यंत्र बहिरं नव्हतं, पण वालचंद कॉलेजचं इंग्रजी त्याला शिकवलेलं नव्हतं. एका रविवारी हा प्रकार एवढा वेळ चालला की थोरलीने खेळणं ठेवलं, फोन हातातून घेतला, एकदाच "थ्री" म्हणाली आणि यंत्राने तिला आत घेतलं.

त्या दिवसापासून तो विभाग तिच्याकडे गेला. दाताच्या डॉक्टरची वेळ, भट्टी दुरुस्त करणारा, विमानात हरवलेली लोणच्याची बॅग. पलीकडच्या बाईने "मी मिसेस अमुकशीच बोलतेय का?" असं विचारलं की माझी नऊ वर्षांची मुलगी आवाज खाली आणून "हो, मीच" म्हणायची, आणि मी शेजारी कणीक भिजवत उभी असायचे. दहाव्या वर्षी ती "मला तुमच्या सुपरवायझरशी बोलायचं आहे" हे वाक्य असं म्हणायची की सुपरवायझर यायचा. आम्ही दोघं मागून कुजबुजायचो, "थँक्यू म्हण, थँक्यू म्हण." आता तिच्या ऑफिसात तिचं कौतुक होतं की चिडलेल्या क्लायंटला तिच्यासारखं कोणी सांभाळत नाही. नवरा म्हणतो, संस्कार आहेत. असतील. केबल कंपनीचे.

यानंतरची पायरी म्हणजे बेसमेंटमधला सत्यनारायण. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. वर पूजा, खाली जेवण. लांब टेबलावर अ‍ॅल्युमिनियमचे ट्रे, त्यातला मसालेभाताचा पूर्ण आणि बटाट्याच्या भाजीचा हाफ. जिन्याच्या तोंडाशी चपलांचा ढीग. त्या ढिगात स्वतःचे बूट शोधत असलेला सतरा वर्षांचा मुलगा पळून जायच्या बेतात असतो, आणि तिथेच त्याला काका लोक गाठतात.

"मग? मेजर काय घेणार?"

"प्री-मेड" हे उत्तर आलं तर पाठीवर थाप पडते आणि मावशी शिऱ्याची मूद वाढतात. "कॉम्प्युटर सायन्स" आलं तर मान हलते, शिरा तेवढाच राहतो. "अजून ठरवलं नाही" असं उत्तर आलं तर क्षणभर शांतता पसरते आणि कोणीतरी मुलाच्या आईकडे असं बघतं, जणू रिपोर्ट वाईट आला आहे. इतर सगळ्या उत्तरांवर काकांकडे एकच औषध असतं : "आणि मग?" मुलगी म्हणते, इंग्रजी वाङ्मय. काका म्हणतात, "छान! आणि मग लॉ?" मुलगा म्हणतो, मानववंशशास्त्र. "वा! आणि मग एम.बी.ए.?" एक मुलगा मागे "शिल्पकला" म्हणाला होता. काकांनी बराच विचार केला, भाताचा घास संपवला आणि म्हणाले, "म्हणजे डेंटल."

डॉक्टरकीचं गणित मात्र सगळ्यांना पाठ आहे. चार वर्षं कॉलेज, चार वर्षं मेडिकल, पुढे रेसिडेन्सीची तीन ते सात, जसा अवयव तसं. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅच डे असतो. कोण कुठल्या हॉस्पिटलात जाणार ते त्या दिवशी कळतं आणि त्या दुपारी मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दहावीच्या निकालाला लाजवेल असा गलका असतो. आईबाप या सगळ्या वर्षांत लग्न कुठे बसवायचं ते शोधत असतात. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षात एक शनिवार-रविवार मोकळा आहे असं कळलं की मुलगा मिळायच्या आधी हॉल बुक होतो.

लहान वयातली मुलं तोवर स्पेलिंग घोकत असतात. त्याचीही एक परंपरा आहे. १९८५ मध्ये बालू नटराजन नावाचा मुलगा अमेरिकेची राष्ट्रीय स्पेलिंग बी जिंकला. भारतीय वंशाचा पहिला विजेता. पुढे तो काय झाला असेल? बरोबर. डॉक्टर झाला. त्याच्यानंतर आमच्या मुलांनी ती स्पर्धा अशी काही ताब्यात घेतली, की २०१९ साली फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या तरी मुलं चुकेनात. शेवटी आयोजकांनी हात टेकले आणि आठ जणांना एकदम विजेते ठरवलं. त्यातली सात भारतीय वंशाची होती. मला कायम कुतूहल वाटतं त्या आठव्याच्या आईवडिलांचं. त्यांनी काय सोसलं असेल!

एवढं स्पेलिंग कशासाठी, असं गोरे शेजारी विचारतात. मलाही त्याचं उत्तर बरीच वर्षं माहीत नव्हतं. ते मिळालं थोरली अकरावीत असताना.

तिच्या वर्गातल्या एका मुलाला उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅनहॅटनमध्ये वकिलांच्या मोठ्या फर्ममध्ये काम मिळालं. काम म्हणजे कागद इकडून तिकडे न्यायचे, पण ते पार वरच्या मजल्यावर, नदी दिसते तिथे. त्याला कसं मिळालं, असं नवऱ्याने विचारलं. परीक्षा कधी होती? थोरली म्हणाली, परीक्षा नव्हती. मुलाचे वडील आणि त्या फर्मचे एक भागीदार कॉलेजात एकाच नावेत वल्ही मारायचे.

नवऱ्याने हातातला चहा खाली ठेवला. "अमेरिकेत? वशिला?"

त्याचा धक्का खरा होता. साखर कारखान्यात त्याची पहिली मुलाखत झाली तेव्हा तो पहिला आला होता आणि नोकरी चेअरमनच्या साडूच्या मुलाला लागली होती. त्या रागावर त्याने सी-प्लस-प्लस शिकलं, मुंबईला गेला, एजंटाला गाठलं आणि एडिसनच्या गेस्टहाउसमध्ये आठ जणांत एक संडास अशा अवस्थेत येऊन पडला. सगळं कशासाठी? तर इथे फक्त गुण बघतात म्हणून. तो बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत बसला. मग त्याच्यातला मिरजकर जागा झाला. माझ्याकडे वळून म्हणाला, "आपल्या ओळखीचं कोणी आहे का?"

आम्ही त्या रात्री वही घेऊन बसलो. मिरजेत असतो तर पाच मिनिटांत यादी झाली असती. बँकेत मामा, नगरपालिकेत मावसभाऊ, वीजमंडळात वहिनींचे वडील, शाळेत मुख्याध्यापकच वाड्यातले. मिरजेत ओळख काढावी लागत नाही, नको असली तर टाळावी लागते. आणि आमची न्यू जर्सीची यादी अशी : ओरॅकलवाले पंधरा. जावावाले नऊ. हृदयरोगतज्ज्ञ दोन. पिस्काटवेला उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेणाऱ्या एक वहिनी. ढोलपथकाचा प्रमुख, तोही ओरॅकल. आणि गुरुजी, जे सोमवार ते शुक्रवार एका औषध कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर असतात. "गुरुजींना विचारू या का?" नवरा म्हणाला. गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, माझीच मुलगी तुमच्या थोरलीला विचारणार होती.

तेव्हा मला स्पेलिंग बी समजली. एमकॅट, सॅट, स्पेलिंग या सगळ्यांत एक गुण समान आहे. प्रश्नपत्रिका तुमचा बाप कुठल्या नावेत होता ते विचारत नाही. आम्हाला परीक्षा कळते. पेपर कधी, सिलॅबस काय, मागच्या वर्षीचे प्रश्न कुठे मिळतील, हे सांगा, आमचं पोर आणून दाखवेल. पण जिथे परीक्षा नसते, जिथे कोणीतरी कोणाला तरी जेवणाच्या टेबलावर "अरे, माझ्या भाचीला एकदा भेट" म्हणतं आणि काम होतं, तिथे आम्ही दाराबाहेर चपला काढून उभे राहतो. आत कसं जायचं ते आम्हाला कोणी सांगितलेलं नाही, मग मुलांना काय सांगणार? म्हणून ज्याला प्रवेशपरीक्षा आहे ते चांगलं करिअर आणि बाकी सगळी रिस्क. नाटक रिस्क, पत्रकारिता रिस्क, म्युझियममधली नोकरी तर विचारूच नका. आणि हे रिस्कवरचं प्रवचन देणार कोण? तर जो स्वतः दोन सुटकेसा घेऊन, हिवाळा म्हणजे काय ते माहीत नसताना, जानेवारीत नेवार्कला उतरला तो.

थोरलीने उन्हाळाभर वाचनालयात पुस्तकं लावली. पुढे अर्थशास्त्र केलं, कॉम्प्युटर थोडासा तोंडी लावायला घेतला आणि शेवटच्या वर्षी तिला एका मोठ्या टेक कंपनीचं ऑफर लेटर आलं. ती रात्र मात्र सविस्तर सांगायला हवी.

पत्र लॅपटॉपवर आलं. नवऱ्याने ते तीनदा वाचलं, चष्मा पुसला, आकडा मला मोठ्याने वाचून दाखवला, देवासमोर निरांजन लावलं आणि मिरजेला फोन करायला घेतला. तेव्हा थोरली अगदी साध्या आवाजात म्हणाली, "बाबा, अजून सांगू नकोस. मी त्यांना जास्त मागणार आहे."

"मागणार? म्हणजे, पैसे?"

"हो."

"तोंडाने?"

"ईमेलने."

"अगं, ते काढून घेतील!"

नवऱ्याच्या या भीतीला इतिहास आहे. तो एच-वन-बीवर होता तेव्हा नोकरी गेली की त्या दिवसापासून माणूस देशात कशाच्या आधारावर उभा आहे याचं उत्तर द्यायची पंचाईत होती. नवीन नोकरी शोधायला ६० दिवसांची मुदत नियमात आली ती जानेवारी २०१७ मध्ये. त्यामुळे ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत, आणि सवय म्हणून त्यानंतरही, त्याने कुठल्याच साहेबाकडे काहीच मागितलं नाही. दरवर्षी साहेब विचारायचा, काही म्हणणं आहे का? हा म्हणायचा, नो नो, ऑल गुड. एकदा त्याच्या खुर्चीचं एक चाक निघालं होतं. तो ती खुर्ची भिंतीला टेकवून वर्षभर बसला.

"मागायचंच असेल तर निदान मी मसुदा करून देतो," तो म्हणाला आणि बसला. त्याचा मसुदा "आदरणीय सर" पासून सुरू झाला. पहिल्या परिच्छेदात आभार, दुसऱ्यात पुन्हा आभार, तिसऱ्यात कंपनीची थोरवी, चौथ्यात "गैरसमज नसावा" आणि अगदी शेवटी, सहीच्या वर, पगाराचा उल्लेख होता की नाही असं वाटावं इतपत. थोरलीने तो वाचला, "गोड आहे रे" म्हणाली आणि स्वतःचं लिहिलं. चार ओळी. आभार एकदा, आकडा एकदा, कारण एकदा. आदरणीय कोणी नाही.

नवरा म्हणाला, "इफ पॉसिबल तरी घाल."

"नाही."

"मग प्लीज."

"बाबा, आभार मानलेत ना?"

"ते वेगळं. प्लीज वेगळं."

कंपनीबरोबर जेवढ्या वाटाघाटी झाल्या त्याच्या चौपट त्या एका "इफ पॉसिबल"वर आमच्या स्वयंपाकघरात झाल्या. शेवटी तिने पाठवा बटण दाबलं आणि ती निवांत झोपली. नवरा झोपला नाही. शनिवारी त्याने कंपनीच्या शेअरचा भाव बघितला. रविवारी पुन्हा बघायला गेला तेव्हा मी आठवण करून दिली की बाजार शनिवार-रविवार बंदच असतो. सोमवारी दुपारी उत्तर आलं. कंपनीने पगार वाढवला होता, वर जॉइनिंग बोनसही दिला होता, आणि आम्हाला तुमच्याबरोबर काम करायला फार आवडेल असंही लिहिलं होतं.

मला वाटलं, आता हा पेढे आणायला जाईल. तो लाल झाला. "म्हणजे? आधी कमी देत होते? चोर साले!" संध्याकाळपर्यंत तो त्याच संतापात होता. रात्री ताटं उचलताना मात्र हळूच थोरलीजवळ गेला. "अगं, ऐक ना. माझं पण एक असं लिहून देतेस?"

नोकरी लागली तरी ती काय करते हे कळायला वेळ लागला. मिरजेला व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी विचारलं आणि मी अभिमानाने सांगितलं, प्रॉडक्ट मॅनेजर.

"हाताखाली माणसं किती?"

"कोणी नाही, आई."

"मग मॅनेजर कसली?"

"काय बनवायचं ते ती ठरवते."

"आणि बनवतं कोण?"

"इंजिनिअर बनवतात."

सासूबाईंनी थोडा विचार केला. "मग इंजिनिअरच का नाही झाली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. नवऱ्याने फोन घेतला आणि "कॉम्प्युटरमध्ये आहे गं" असं सांगून विषय मिटवला. आमच्या शेजारच्यांचा मुलगा कन्सल्टंट आहे, त्यांची याहून गंमत झाली. मिरज हे दवाखान्यांचं गाव. वानलेस हॉस्पिटल १८९४ पासूनचं, आणि त्याच्या भोवती पाट्याच पाट्या. तिथे कन्सल्टंट म्हणजे मोठा डॉक्टर. पोरगा सुट्टीत आजोळी गेला तर सकाळपासून लोक एक्स-रे घेऊन ओट्यावर.

धाकट्याने मात्र आमची सगळी तयारी मोडीत काढली. एका रात्री जेवताना त्याने जाहीर केलं की त्याला राज्यशास्त्र घ्यायचं आहे आणि पुढे वॉशिंग्टनला काँग्रेसच्या एखाद्या सदस्याच्या ऑफिसात काम करायचं आहे. नवऱ्याने भाकरीचा तुकडा तसाच धरून विचारलं, "त्याची परीक्षा कधी असते?"

"परीक्षा नसते, बाबा."

"मग घेतात कसं?"

धाकटा गप्प बसला. कसं घेतात ते त्यालाही नीट माहीत नव्हतं.

तेव्हापासून आमच्या घरात लिओ वराडकर राहायला आले. म्हणजे नाव. मालवण तालुक्यातल्या वराड गावचे डॉक्टर अशोक वराडकर साठच्या दशकात इंग्लंडला गेले, तिथे एका आयरिश नर्सशी त्यांचं लग्न झालं, पुढे ते डब्लिनला स्थायिक झाले. त्यांचा मुलगा लिओ २०१७ च्या जूनमध्ये अडतिसाव्या वर्षी आयर्लंडचा पंतप्रधान झाला. मंडळात त्या आठवड्यात मालवणी लोकांचं चालणं बदललं होतं. ज्यांचा वराडशी संबंध एवढाच की एकदा एसटी तिथे थांबली होती, तेही "आमचो लिओ" म्हणत होते.

धाकट्याने हे नाव काढलं ते आपल्या बाजूने. नवऱ्याने ते तिथल्या तिथे आपल्या बाजूने वळवलं. "पण आधी काय झाला तो? डॉक्टर!" आणि हे खरंच आहे. वराडकरांनी ट्रिनिटी कॉलेजात सुरुवात कायद्याने केली होती, थोड्याच दिवसांत कायदा सोडून ते मेडिकलला गेले आणि २००३ साली डॉक्टर झाले. घरात नेमकं काय बोलणं झालं ते इतिहासाला ठाऊक नाही, पण आमच्या नवऱ्याला ते शब्दशः ठाऊक आहे. धाकटा म्हणतो, "पण नंतर सोडलंच ना? २००७ ला खासदार झालाच ना?" नवरा म्हणतो, "सोडायला आधी घ्यावं लागतं." मग २०२० चा मार्च आला. कोविड पसरला आणि पंतप्रधान असलेल्या वराडकरांनी पुन्हा डॉक्टर म्हणून नाव नोंदवलं, आठवड्यातून एका पाळीपुरतं. ही बातमी नवऱ्याने फ्रेम करायचीच बाकी ठेवली आहे. "बघ, देशाचा पंतप्रधान झाला तरी हाताशी काहीतरी असावं."

धाकट्याचं दुसरं उदाहरण काल पेन. आमच्या न्यू जर्सीतलाच, गुजराती आईवडिलांचा मुलगा, हॉलिवूडमध्ये नट. २००९ मध्ये चालू मालिका सोडून तो व्हाइट हाउसमध्ये नोकरीला गेला. नवऱ्याला हे एकदम पटलं, पण वेगळ्याच कारणाने. एक, सरकारी नोकरी. दोन, सोडलेल्या मालिकेत त्याचं काम डॉक्टरचंच होतं. गोव्याच्या बाजूचे अंतोनियो कोश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले, ते तर वकील, डॉक्टर नाहीत, असं धाकट्याने एकदा मांडून पाहिलं. पण त्यांचे वडील मुळात लेखक, हे कळल्यावर नवरा म्हणाला, लेखकाच्या घरात कायदा म्हणजे प्रगतीच आहे.

२०२४ ला वराडकरांनी पंतप्रधानपद सोडलं. त्या रात्री नवरा अस्वस्थ होता. "आता हा करणार काय?" आयर्लंडच्या माजी पंतप्रधानाच्या पोटापाण्याची एवढी काळजी डब्लिनमध्येही कोणी केली नसेल. धाकटा मात्र गेला वॉशिंग्टनला. तिथल्या एका ऑफिसात फोन घेतो. दिवसभर लोक रागारागाने फोन करतात आणि तो शांतपणे ऐकून घेतो. हे काम त्याला कसं मिळालं असं विचाराल तर थोरलीच्या कॉलेजातल्या मैत्रिणीची बहीण तिथे होती.

म्हणजे एवढ्या वर्षांनी आमच्याकडे ओळख आली. ती आम्ही केलेली नाही, मुलांनी केली. पण वापरायला आम्ही तयार होतो. थोरलीच्या कंपनीत पद्धत अशी आहे की आतल्या माणसाने नाव सुचवलं तर अर्ज निदान कोणीतरी उघडून बघतं. हे मी भिशीला एकदा सहज बोलले. सहजच. त्यानंतर आमच्या घरी येणाऱ्या डब्यांचा दर्जा सुधारला. ज्यांनी चार वर्षांत हळदीकुंकवाला बोलावलं नव्हतं त्या पुरणपोळ्या घेऊन आल्या. नवऱ्याला या सगळ्याचा राग येईल असं मला वाटत होतं. पण तो साखर कारखाना आठवूनही म्हणाला, "छे, यात गैर काय? लायकी असेल तरच लागेल ना. आपण नुसतं दार दाखवायचं." चेअरमनचे साडूही अगदी हेच म्हणाले असणार.

परवा थोरलीचा फोन आला, दुपारी, कामाच्या वेळात.

"आई, तू कोणाकोणाला माझं नाव सांगितलंस?"

"कोणाला नाही गं. दोघा-तिघांना."

"माझ्याकडे सतरा रेझ्युमे आलेत. त्यातला एक डेंटिस्ट आहे."

"तो शिल्पकलावाला. त्याला बदल हवाय."

तिने खोल श्वास घेतला. हा श्वास मी ओळखते, सुपरवायझरला बोलवायच्या आधीचा. मी घाईघाईने म्हटलं, "बाकीचे राहू देत. पण अजून एक आहे, त्याचं तेवढं बघ. फार चांगला मुलगा आहे."

"काय करतो?"

"कॉम्प्युटरमध्येच."

"कॉम्प्युटरमध्ये काय, आई? तू त्याचा रेझ्युमे तरी वाचलास का?"

"रेझ्युमे कशाला वाचायचा? त्याची आजी आपल्या आत्याच्या भिंतीला भिंत लावून राहायची, सतारमेकरांच्या गल्लीत."

पलीकडे की-बोर्ड वाजायला लागला होता.

"स्पेलिंग सांग," थोरली म्हणाली.